दोन आठवडे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टर बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या दवाखान्यात मी शाळकरी वयात आईचा हात धरून जात असे. बाई तपासायच्या, चिठ्ठी लिहायच्या आणि ती हातात देण्याआधी पेनाला टोपण लावत विचारायच्या, "अजून काही विचारायचं राहिलंय का?" बायका बहुतेक वेळा मान हलवून 'नाही' म्हणत, उठत, दारापर्यंत जात आणि तिथून मागे वळत. खरं दुखणं तेव्हा बाहेर यायचं. बाईंना ते ठाऊक असावं, कारण दार लोटेपर्यंत त्या पुढच्या रुग्णाला हाक मारत नसत.

मी पुढे एम्ब्रियॉलॉजिस्ट झाले. माझी ऊठबस माणसांपेक्षा काचेच्या बशांशी आणि सूक्ष्मदर्शकाशी जास्त. पण काही वर्षांपूर्वी एक मायलेकी थेट माझ्यासमोर येऊन बसल्या. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची, लग्नाला तीन वर्षं झालेली. पंधराव्या वर्षी तिला हॉजकिन्स लिम्फोमा झाला होता. उपचार उत्तम झाले, ती पूर्ण बरी झाली. आता पाळी बंद पडली होती आणि रक्ताचे रिपोर्ट पन्नाशीच्या बाईचे वाटावेत असे होते. आईने कापडी पिशवीतून जुनी फाइल काढली. केमोच्या आधी सही केलेला संमतिपत्राचा कागद त्यात होता. केस गळतील, उलट्या होतील, जंतुसंसर्ग होऊ शकेल. त्याखाली बारीक टाइपात इंग्रजीत वंध्यत्वाचा एक शब्द. शेजारी आईची मराठीतली सही. आई म्हणाली, "तेव्हा पोरगी वाचू दे एवढंच डोक्यात होतं हो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही."

त्या माउलीचा यात दोष नाही. डॉक्टरांनी मुलीचा जीव वाचवला, त्यांनाही मी दोष देणार नाही. पण निदान आणि केमोची पहिली बाटली यांच्यामध्ये जो आठवडा, फार तर दोन आठवडे असतात, त्या दिवसांत एक गोष्ट करता येते. ती कोणती आणि ती का राहून जाते, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी अंडाशयाचा हिशोब बघू. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख स्त्रीबीजं असतात. जन्माला येते तेव्हा १० ते २० लाख उरतात, आणि पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे ते पाचशे. बाकीची आपोआप झडतात. हजाराच्या आसपास शिल्लक राहिली की पाळी जाते. म्हणजे ही ठेव जन्माआधीच ठेवलेली असते. तिच्यात भर पडत नाही, फक्त वजावट होते. पुरुषाचं बीज रोज नवं बनतं, त्याच्या वीर्याचा नमुना तासाभरात साठवता येतो. मुलीच्या बाबतीत ती सोय नाही.

कॅन्सरची काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फमाइड आणि बुसल्फान, या ठेवीवर थेट घाला घालतात. ओटीपोटावरची किरणंही तेच करतात. आणि हा प्रश्न फक्त कॅन्सरचा नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, हे आपल्यापैकी अनेकांनी रक्तदान शिबिरांत ऐकलेलं असेल. त्यातून कायमची सुटका हवी तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावा लागतो, आणि त्याआधी जुना मॅरो जाळून काढण्यासाठी बुसल्फानसारखं औषध मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. सहा-सात वर्षांची मुलगी आजारातून सुटते, पण तिची पाळी कधी सुरूच होत नाही, असं घडतं.

यावर स्त्रीबीजं गोठवण्याचा उपाय आपल्याला माहीत आहे. वर्तमानपत्रांत 'एग फ्रीझिंग'च्या जाहिराती असतात. पण त्यासाठी दहा-बारा दिवस हॉर्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि मुलगी वयात आलेली असावी लागते. छातीत गाठ वाढते आहे, श्वास लागतो आहे, उद्यापासून केमो हवी, अशा वेळी बारा दिवस कुठून आणायचे? सात वर्षांच्या पोरीला तर ती इंजेक्शनं देऊन उपयोगच नाही. मग पिकलेल्या बीजांच्या मागे न लागता, कच्ची बीजं ज्या सालीत दडलेली असतात ती सालच काढून ठेवली तर? अंडाशयाची ऊती गोठवण्यामागचा विचार एवढाच आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन, एक-दोन दिवसांचं काम, कुठल्याही हॉर्मोनशिवाय, आणि लगोलग केमो सुरू.

हे सुचायला आणि जमायला पन्नास वर्षं लागली. १९४९ मध्ये लंडनजवळ मिल हिल इथल्या संस्थेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघे कोंबड्याचं वीर्य गोठवण्याच्या खटपटीत होते. काही केल्या पेशी जगत नव्हत्या. एकदा अचानक जगल्या. तपास केला तेव्हा कळलं, साखरेच्या द्रावणाची म्हणून घेतलेली बाटली भलतीच होती आणि तिच्यात ग्लिसरॉल होतं. पेशी थंडीने मरत नाही; तिच्यातल्या पाण्याचे सुयांसारखे स्फटिक होतात, त्यांनी मरते. ग्लिसरॉल ते स्फटिक आवरतं. त्या चुकीच्या बाटलीचं देणं आपल्या खेड्यापाड्यांतही पोचलेलं आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेचे कार्यकर्ते मोटारसायकलला द्रवरूप नायट्रोजनचा डबा बांधून गोठ्यापर्यंत जातात आणि गाय भरवतात. ज्या उणे १९६ अंशांचं शहरी माणसाला अप्रूप वाटतं, ते आपल्या शेतकऱ्याच्या दारात कित्येक वर्षं येतं आहे.

माणसाच्या बाबतीतही हे तंत्र आपल्या देशाला परकं नव्हतं. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेली टेस्ट ट्यूब बेबी 'दुर्गा' ही गोठवून ठेवलेल्या भ्रूणातून झाली, असं डॉ. सुभाष मुखर्जी सांगत होते. चौकशी समितीने त्यांची टर उडवली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून 'हर्षा' जन्मली आणि देशातली पहिली ठरली. पुढे मुखर्जींच्या वह्या आनंदकुमारांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बारकाईने वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ मुंबईत होऊन गेला, हे आपण विसरू नये.

वीर्य म्हणजे सुट्या पेशी, भ्रूण म्हणजे मूठभर पेशी. ऊतीचं तसं नाही. ती विणलेलं कापड. प्रत्येक धाग्यात द्रावण मुरायला हवं. उंदरांत १९६० पर्यंत हे साधलं होतं, पण उंदराचं अंडाशय मऊ आणि इवलंसं. माणसाचं घट्ट आणि चिवट. म्हणून एडिनबरोत रॉजर गॉस्डेन आणि डेव्हिड बेअर्ड यांनी मेंढी निवडली, कारण तिचं अंडाशय आपल्यासारखं असतं. १९९४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की गोठवलेली साल त्याच मेंढीच्या पोटात परत लावता येते, आणि तिच्यातून कोकरू जन्माला येतं. त्या एका कोकराने जगभरच्या कॅन्सर वॉर्डांत आशा जागवली. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, ब्रुसेल्समध्ये झाक दोनेझ यांच्या रुग्णाला मुलगी झाली. त्या स्त्रीलाही हॉजकिन्सच होता आणि तिची ऊती १९९७ मध्ये गोठवलेली होती. शंकेखोरांनी विचारलं, तिचं उरलेलं अंडाशय जागं झालं नसेल कशावरून? रास्त शंका होती. पुढच्याच वर्षी इस्रायलमध्ये द्रोर मेइरो यांच्या चमूने परत लावलेल्या ऊतीतूनच बीज काढून, बाहेर फलित करून बाळाचा जन्म घडवला, आणि वाद बराचसा निवळला.

आता प्रयोगशाळेत चला. डब्यातून बर्फावर अंडाशय येतं. तरुण मुलीचं अंडाशय सोललेल्या बदामाएवढं असतं, पांढुरकं, थोडं चमकदार. ते थंड बशीत ठेवून उभं चिरायचं आणि आतला मऊ, लालसर गर शस्त्राने हलकेच खरवडत जायचं. नारळाच्या भकलातून खोबरं काढतो त्याच्या उलट. इथे गर टाकायचा आणि साल ठेवायची. साल एक ते दीड मिलिमीटर जाडीची राहिली की हात थांबला पाहिजे. जाड राहिली तर द्रावण मुरत नाही, पातळ झाली तर बीजंच खरवडली जातात, कारण कच्ची बीजं ज्या सूक्ष्म पिशव्यांत असतात ते फॉलिकल अगदी वरच्या थरात असतात. एकेकाचा आकार मिलिमीटरच्या तीस-चाळीस हजारांशांएवढा. मग सालीचे चौकोनी तुकडे करायचे, पाच-पाच मिलिमीटरचे. गौरीच्या नैवेद्याला खोबऱ्याचे काप करावेत तसे ते दिसतात. ते गोठणरोधक द्रावणात अर्धा तास हलवत ठेवायचे, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कुपीत.

यंत्र मिनिटाला दोन अंश तापमान उतरवत नेतं आणि उणे आठच्या आसपास थांबतं. इथे माणसाचा हात लागतो. पाणी या तापमानालाही गोठलेलं नसतं, नुसतं थिजल्यासारखं असतं. तसंच सोडलं तर ते एकदम भसकन गोठेल आणि सगळं चिरडून टाकेल. म्हणून द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेला चिमटा कुपीच्या कडेला, द्रावणाच्या वरच्या रेषेशी टेकवायचा. टेकवल्या जागी एक पांढरा ठिपका उमटतो. आणि आपण पाहत असताना तो ठिपका पसरत खाली उतरतो, काचेवर दव धरावं तसा. बर्फाला सुरुवात कुठून करायची हे आपण त्याला सांगितलेलं असतं. तिथून पुढे मिनिटाला अंशाच्या तीन दशांशांनी, म्हणजे गोगलगाईच्या चालीने, उणे चाळीसपर्यंत. मग भराभर उणे एकशे चाळीस, आणि शेवटी नायट्रोजनच्या टाकीत. त्या टाकीत काळ थांबतो. ऊती दोन वर्षं राहिली काय नि वीस वर्षं राहिली काय, तिच्या लेखी फरक नसतो.

लोकांना वाटतं खरी कसोटी या गोठवण्यात आहे. तसं नाही. गोठवून पुन्हा वितळवल्यावर बहुतेक फॉलिकल जिवंत असतात. खरा घात होतो तो परत लावल्यानंतर. मुलगी बरी होते, काही वर्षांनी मूल हवं म्हणते, तेव्हा ते काप कोमट पाण्यात मिनिट-दोन मिनिटांत वितळवून उरलेल्या अंडाशयावर किंवा पोटाच्या आतल्या अस्तरात छोटा कप्पा करून तिथे शिवतात. मूत्रपिंड बदलताना शीर शिरेला जोडतात, तसं इथे काही जोडता येत नाही. तुकडा रक्ताशिवाय तिथे पडून राहतो आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरण्याची वाट पाहतो. पहिले पाच दिवस जवळजवळ प्राणवायू नाही. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत तो हळूहळू मिळू लागतो. तेवढ्यात निम्म्याहून जास्त फॉलिकल गेलेले असतात.

कोकणातली माणसं इथे बसली असतील त्यांना हे चटकन कळेल. आवणातून उपटून भाताची लावणी केली की रोप आधी पिवळं पडतं. पाणी भरपूर असतं, पण मूळ धरलेलं नसतं. आठ-दहा दिवस जातात तेव्हा हिरवा रंग परत येतो, आणि काही रोपं येतच नाहीत. अंडाशयाच्या तुकड्याचं नेमकं हेच होतं. वर्षानुवर्षं उणे १९६ अंश सोसलेला जीव अंगाच्या उबेत, आठवडाभर वाट पाहताना मरतो.

जे जगतात ते मात्र काम करतात. कच्चं फॉलिकल पिकायला काही महिने लागतात, म्हणून साधारण चार ते सहा महिन्यांनी पाळी परत येते. दहापैकी नऊ स्त्रियांत ती येते. एकदा लावलेली ऊती चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त टिकते, आणि उरलेले काप पुन्हा लावता येतात. मूल मात्र सगळ्यांना होत नाही. परत लावून घेणाऱ्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश स्त्रियांच्या मांडीवर बाळ आलं आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांना टेस्ट ट्यूबशिवाय, घरच्या घरी दिवस गेले. जगभरात अशी दोनशेहून जास्त मुलं झाली आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने हा उपाय यापुढे प्रायोगिक मानू नये असं सांगितलं.

लहान मुलींचं काय, असं कुणीही विचारील. बेल्जियममध्ये सिकलसेलच्या एका मुलीचं अंडाशय ती चौदाचीही नसताना, पाळी येण्याआधी काढून ठेवलं होतं. मॅरो बदलला, ती वाचली, दुसरं अंडाशय बंद पडलं. २०१४ मध्ये त्या ऊतीतून तिला मुलगा झाला. थॅलेसेमियाच्या एका मुलीचं अंडाशय नवव्या वर्षी इंग्लंडमध्ये गोठवलं, डेन्मार्कमध्ये तिला ते परत लावलं, आणि २०१६ मध्ये लंडनमध्ये तिची प्रसूती झाली. थॅलेसेमिया आणि सिकलसेल ही नावं आपल्याला परकी नाहीत. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना पहिलं ठाऊक आहे, आणि दुसरं नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांना.

दोन ठिकाणी मात्र मी हात आखडता घेईन. ल्युकेमियात कॅन्सरच्या पेशी रक्तातूनच फिरतात, तेव्हा काढून ठेवलेल्या सालीतही त्या लपलेल्या असू शकतात. ती परत लावणं म्हणजे आजार परत बोलावणं ठरू शकतं. अशा रुग्णात एकेक तुकडा रेणूपातळीवर तपासूनच पाऊल टाकावं लागतं. इस्रायलमध्ये तशा काळजीने एका स्त्रीला मूल झालं आहे, पण तो राजमार्ग म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट, धडधाकट तरुणींना 'पाळी जाणं लांबवा, अंडाशय साठवा' असं सांगणारं दुकान. एडिनबरोच्या मंडळींनी सुरुवातीलाच घालून दिलेले निकष मला पटतात: वय पस्तिशीच्या आत, आजारातून वाचण्याची खरीखुरी शक्यता, आणि उपचाराने अंडाशय निकामी होण्याची भीती निम्म्याहून जास्त. ज्या बाईचं अंडाशय सुखरूप आहे, तिचं कापण्यात शहाणपण नाही.

आता परत त्या पहिल्या आठवड्याकडे येते. नांदेडची किंवा सावंतवाडीची मुलगी, तिथल्या दवाखान्यात निदान झालेलं. गोठवण्याची यंत्रणा शंभर मैलांवर. तिला केमो सोडून तिथे न्यायचं का? डेन्मार्कने उत्तर काढलं: बाई गावी राहील, ऊती प्रवास करील. दुर्बिणीचं ऑपरेशन जवळच्या रुग्णालयात, आणि अंडाशय बर्फावर ठेवून कोपनहेगनला. जर्मनीत तर रात्रभरच्या प्रवासानेही ऊती नीट पोचते असं दिसलं, आणि २००६ पासून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधली केंद्रं त्यासाठी एकमेकांशी बांधलेली आहेत. पोलिओची लस ज्या पेट्यांतून पाड्यापाड्यांवर गेली त्या आपल्याकडे आहेत. दुर्बिणीने ऑपरेशन करणारे सर्जन तालुक्याच्या गावीही आहेत. म्हणजे साधनं आहेत; त्यांची साखळी बांधायची राहिली आहे.

कायद्याचंही थोडं बघायला हवं. २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने दवाखान्यांना शिस्त लावली, ते बरंच झालं. पण तो लिहिताना डोळ्यांसमोर होतं ते मूल न होणारं जोडपं. उपचार घेणारी स्त्री एकवीस वर्षांच्या पुढची, दात्याचं बीज आणि भ्रूण दहा वर्षांहून जास्त ठेवायचे नाहीत, अशी त्याची मापं आहेत. सहा वर्षांच्या मुलीची ऊती मात्र वीस-वीस वर्षं सांभाळावी लागते. तिच्यासाठी स्पष्ट नियम हवेत: किती वर्षं, कुणाच्या खर्चाने, दवाखाना बंद पडला तर टाकी कुणाकडे, मुलगी दुर्दैवाने गेली तर काय करायचं. आणि अठरा पूर्ण झाली की चावी तिच्या हातात. आईबापांनी सही केली म्हणून ती ऊती त्यांची होत नाही, उद्याच्या सासरचीही होत नाही. तिने कधीच लावून घेतली नाही तरी ते तिचं उत्तर असेल, आणि कुणी तिला जाब विचारू नये.

त्या मायलेकींचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. मुलीला मी काही देऊ शकले नाही. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेणं, दत्तक घेणं, तसंच राहणं, सगळं बोलून झालं. उठताना तिने फाइल पिशवीत घातली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "मॅडम, आत्ता, आज, त्या वॉर्डात जी पंधरा वर्षांची मुलगी ॲडमिट झाली असेल, तिला कुणी सांगतंय का?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज अर्धं आहे. डॉक्टर सांगतील तर उत्तम. पण इथे नर्सताई आहेत, औषधाचं दुकान चालवणारे आहेत, शिक्षक आहेत, एखाद्या आजारी मुलीचे मामा-मावशी असतील. केमोच्या आधीच्या त्या आठवड्यात घर सुन्न झालेलं असतं आणि आईला फक्त पोरगी वाचायला हवी असते. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या माणसाने एवढंच विचारायचं, "या औषधाने हिच्या अंडाशयाचं काय होईल, आणि आधी काही करता येईल का?" उत्तर 'नाही' आलं तरी चालेल. कधी आजार वाट पाहू देत नाही, कधी औषध तेवढं जहाल नसतं आणि काढून ठेवण्याची गरजच नसते. पण प्रश्न विचारला जाऊन 'नाही' येणं वेगळं, आणि बारा वर्षांनी पिशवीतून फाइल काढणं वेगळं.

माझं बोलणं संपलं. बाईंच्या नावाच्या मंचावरून प्रश्न न घेता उतरणं बरं दिसणार नाही, तेव्हा माइक खाली द्यावा. आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, त्यांच्यासाठी मी नंतर दाराशी थांबते.